साठ वेळा रीबूट, तीन दिवस मौन

भंडाऱ्यातल्या रेशन दुकानाचं ई-पॉस यंत्र, चौकातला सीसीटीव्ही आणि आपल्या खिशातला मोबाइल, या सगळ्यांची मदार फ्लॅश मेमरीवर आहे. वीज गेली तरी फ्लॅशमध्ये लिहिलेलं टिकतं. मात्र दर वेळी पुसून नवं लिहिताना ती थोडी थोडी झिजते. शिवाय तिचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर ढिसाळ असेल, तर झिजायच्या आधीच यंत्र आडवं होतं. जानेवारी २००४ मध्ये मंगळावर नेमकं हेच घडलं. खालच्या वेळा भारतीय आहेत.

४ जानेवारी, सकाळी १०.०५
नासाचा स्पिरिट रोव्हर गुसेव्ह विवरात उतरतो. २० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, १२८ एमबी रॅम, २५६ एमबी फ्लॅश आणि व्हीएक्सवर्क्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, एवढा त्याचा संसार. मोहीम ९० मंगळदिवसांची. उड्डाणाआधी भरलेल्या आणि सात महिन्यांच्या प्रवासात साठलेल्या फायली फ्लॅशमध्ये अजून तशाच पडून आहेत.

मंगळदिवस १५
कॅलिफोर्नियातल्या पासाडेना इथली जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी या जुन्या फायली साफ करण्यासाठी एक छोटा प्रोग्राम दोन तुकड्यांत पाठवते. एकच तुकडा नीट पोचतो. दुसरा पुन्हा पाठवायचा दिवस ठरतो मंगळदिवस १९.

दरम्यान फायलींची यादी फुगत चालली आहे. धानाच्या गोदामातून पोती उचलली, पण वहीतल्या नोंदी तशाच राहिल्या, तर गोदाम रिकामं होऊनही वही जाडच होत जाते. स्पिरिटची फाइल सिस्टिम याच पद्धतीची आहे. फाइल पुसली तरी यादीने व्यापलेली जागा परत मिळत नाही. आणि ही अख्खी यादी रॅममध्येही उतरवून ठेवावी लागते.

२१ जानेवारी, मंगळदिवस १८
सकाळचे हुकूम रवाना होतात. रोव्हर ‘मिळाले’ एवढा एक बीप परत पाठवतो. अवरक्त वर्णपटमापकाचा आरसा फिरवणाऱ्या मोटरची चाचणी सुरू होते आणि ती अर्ध्यावर असतानाच रोव्हर गप्प होतो. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या अँटेनावर वादळी पाऊस कोसळत असल्याने पहिला संशय पावसावर जातो. पुढच्या वेळापत्रकातल्या संपर्कांतही अपेक्षित माहिती येत नाही, तेव्हा पावसाचा दोष नाही हे स्पष्ट होतं.

जागा संपली आहे ती रॅममधली. यादीला आणखी जागा हवी होती, ती मिळाली नाही. मागणारं काम थांबलं, त्याच्यावर अवलंबून असलेली कामं अडली, तेव्हा संगणकाने नियमाप्रमाणे स्वतःला रीबूट केलं. पण उठल्यावर पहिलं काम तीच यादी वाचायचं. पुन्हा जागा अपुरी, पुन्हा रीबूट. साधारण तासाला एक फेरी.

२२ जानेवारी
हाक मारली तर कधी बीप येतो, कधी काहीच नाही. कामाची माहिती शून्य.

२३ जानेवारी, संध्याकाळी ६.०४
अखेर आकडे येतात, तेही सेकंदाला १० बिट या वेगाने, दहा मिनिटं. ६.५६ वाजता वेग १२० बिट होतो आणि संपर्क वीस मिनिटं टिकतो. त्यातून कळतं की तीन दिवसांत संगणक साठहून जास्त वेळा रीबूट झाला आहे. रात्री झोपायचं सोडून रोव्हर जागाच आहे आणि बॅटरी उतरते आहे. ती पार बसली, तर मंगळाच्या थंडीत यंत्र वाचणं कठीण.

२४ जानेवारी
दोष रीबूटनंतरही जात नाही, म्हणजे तो रॅमपुरता नाही. तो फ्लॅशमध्ये असेल, दुसऱ्या कायम मेमरीत असेल किंवा हार्डवेअरमध्ये. हार्डवेअर असेल तर खेळ खलास. मात्र बांधणी करणाऱ्यांनी एक वाट आधीच राखून ठेवली होती. रोव्हरच्या रेडिओलाच मोजके हुकूम थेट समजतात आणि त्यांतला एक म्हणजे ‘फ्लॅशला हात न लावता सुरू हो’. तो हुकूम जातो. रोव्हर फ्लॅशऐवजी रॅममध्येच फायली ठेवू लागतो आणि रीबूटचं चक्र थांबतं.

२५ जानेवारी, सकाळी १०.३५
जुळा रोव्हर ऑपॉर्च्युनिटी मंगळाच्या दुसऱ्या बाजूला उतरतो. त्याच्याही पोटात तीच फाइल सिस्टिम.

६ फेब्रुवारी
फ्लॅश फॉरमॅट झाली आहे, यादी कोरी आहे. स्पिरिट कामाला लागतो आणि मार्च २०१० पर्यंत बोलत राहतो.

ऑगस्ट २०१४
आता पाळी ऑपॉर्च्युनिटीची, आणि या वेळी संशय खऱ्याखुऱ्या झिजेवर आहे. दहा वर्षं लिहून-पुसून फ्लॅशच्या काही पेशी निकामी झाल्याचं अभियंते सांगतात. महिन्याभरात डझनाहून जास्त रीबूट, आणि प्रत्येक वेळी सावरायला एक-दोन दिवस. सप्टेंबरमध्ये फॉरमॅट करूनही दुखणं परतलं. मग काही काळ फक्त रॅमवर काम चाललं. झोपण्याआधी दिवसभराची माहिती पाठवायची, नाहीतर ती गेली.

फेब्रुवारी २०२१
तेच दुखणं पृथ्वीवर, रस्त्यावर. ८ जीबीची फ्लॅश झिजून मधला पडदा आणि मागचा कॅमेरा बंद पडू शकतो म्हणून अमेरिकेत टेस्लाच्या सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलावल्या जातात.

यावरचे उपाय महाग नाहीत. लॉग आधी रॅममध्ये साठवावा आणि थोड्या थोड्या वेळाने एकदम लिहावा. ऑपरेटिंग सिस्टिमचा भाग फक्त वाचण्यापुरता उघडा ठेवावा. फाइल सिस्टिम अशी निवडावी, की लिहिता लिहिता वीज गेली तरी ती सावरेल. आपल्याकडे वीज जाणं काही नवं नाही. किती जागा उरली यासोबत किती फायली जमल्या हेही मोजावं. आणि मेमरी मेली तरी यंत्र निदान हाकेला ओ देईल, एवढी सोय पहिल्या दिवशीच करून ठेवावी.

ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत अशी यंत्रं विकत घेतली जातात तेव्हा कागदावर किती जीबी हे ठळक लिहिलेलं असतं. त्याशेजारी आणखी दोन रकाने घाला: मेमरी किती वेळा लिहिणं सोसते, आणि ती गेल्यावर यंत्र सुरू होतं का? ही दोन उत्तरं मिळाल्याशिवाय सही करू नका.