सेमी-ऑटोमॅटिकची गोष्ट: भंगारातून उचललेला इतिहास

आजचा विषय जुनी वॉशिंग मशीन. कुणी जुनी बुलेट शोधतं, कुणी रेडिओ जमवतं. मी जुनी सेमी-ऑटोमॅटिक मशिनं मिळवतो, उघडतो आणि परत चालू करतो. सोमवार ते शुक्रवार कोड, रविवारी ग्रीस. पनवेलच्या घरी बाल्कनीत सध्या दोन मशिनं आहेत, त्यातलं एक चालतं. आई त्या बाल्कनीला 'दवाखाना' म्हणते.

हे वेड जगात नवं नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या ईटन गावी ली मॅक्सवेल या इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांनी निवृत्तीनंतर हजाराहून जास्त मशिनं जमवून दुरुस्त केली आणि त्यांचं म्युझियमच उभं केलं. हाताने फिरवायची लाकडी पिंपंसुद्धा त्यात आहेत. मग तिकडचं एखादं मशीन मागवायचं का? तिकडची वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झ. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवता येतं, पण हर्ट्‌झ तेच राहतात आणि मोटर साधारण सहाव्या हिश्शाने मंद फिरते. त्यापेक्षा आपल्याच भंगारात बघा. तिथे आपला इतिहास पडलाय.

आधी धुणं म्हणजे नदी, विहीर नाहीतर मोरीतला दगड. शहरात परीट किंवा धोबी. मुंबईचा महालक्ष्मीचा धोबीघाट १८९०च्या सुमारास उभा राहिला. म्हणजे धुण्याचा 'उद्योग' आपल्याकडे जुना आहे, पण घरातलं रोजचं धुणं बाईच्या मनगटावरच राहिलं.

तिकडे अमेरिकेत १९३७ साली बेन्डिक्सचं पूर्ण ऑटोमॅटिक मशीन बाजारात आलं. आपल्या मशीनचा वंश मात्र जपानचा. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या जपानमध्ये सान्यो कंपनीने १९५३ साली एक स्वस्त मशीन काढलं, ज्यात एक चकती वेगाने फिरून टबातलं पाणी घुसळायची. टीव्ही, फ्रिज आणि वॉशिंग मशीन या तीन गोष्टींना तिकडे 'तीन पवित्र रत्नं' म्हणायला लागले. पुढे त्याला पिळणारा दुसरा टब जोडला गेला आणि आपल्या ओळखीचं जुळं मशीन तयार झालं.

आपल्याकडे हे लोण ऐंशीच्या दशकात आलं. १९८२च्या एशियाडने रंगीत टीव्ही घराघरांत नेला आणि त्याच्या मागोमाग वॉशिंग मशीन. त्यात मोठं नाव औरंगाबादच्या धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉनचं. मराठवाड्यातली कंपनी आणि जपानी तंत्रज्ञान. तुमच्या आईबाबांना ती जाहिरात आठवते का, विचारून बघा. चालीसकट म्हणून दाखवतील.

आता खरा प्रश्न. पूर्ण ऑटोमॅटिक मशीन जगात कधीचं होतं, मग आपण 'सेमी' का घेतलं? स्वस्त होतं, हे अर्धं उत्तर. उरलेलं उत्तर नळात आहे.

पूर्ण ऑटोमॅटिक मशीनला नळाला ठरावीक दाबाने पाणी लागतं, तेही मशीन मागेल तेव्हा. आमच्या पनवेलची नगरपालिका (२०१६पासून महानगरपालिका) १८५२ची, राज्यातल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. शहराला स्वतःचं देहरंग धरणसुद्धा आहे. तरी उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी इथे कुणाला नवीन नाही. पाणी आलं की पिंपं भरायची, मग दिवसभर त्यावर भागवायचं. अशा घरात सेमी-ऑटोमॅटिकच टिकतं, कारण त्यात बादलीने पाणी ओतता येतं. एकाच पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, मग पायपुसणी. उरलेल्या फेसाने बाथरूम घासून घ्यायचं. वीज गेली तर मशीन थांबतं, पण स्प्रिंगचा टायमर फिरतच राहतो; वीज आली की तो पुन्हा लावायचा.

आणि ड्रायर! आपण ज्याला ड्रायर म्हणतो तो कपडे वाळवत नाही, पिळतो. मिनिटाला साधारण १३०० ते १४०० फेरे घेऊन पाणी बाहेर फेकतो. गरम हवेचा खरा ड्रायर आपल्या बहुतेक घरांत आलाच नाही. पण जुलैत, जिथे दोरीवरचा शर्ट तिसऱ्या दिवशी वास मारायला लागतो, तिथे हा पिळणारा टबसुद्धा देवासारखा.

आता मशीन उघडूया. आधी प्लग काढा आणि कपॅसिटरमधला चार्ज उतरवल्याशिवाय आत हात घालू नका. धुण्याच्या मोटरला दोन सारखी वाइंडिंग असतात. कपॅसिटर एका बाजूला जोडला तर मोटर उजवीकडे फिरते, दुसऱ्या बाजूला जोडला तर डावीकडे. ही अदलाबदल करतो टायमर. त्यात चिप नाही. घड्याळासारखी स्प्रिंग, दातेरी चाकं आणि खाचा पाडलेल्या चकत्या. खाच आली की धातूची पत्ती सुटते, उंचवटा आला की चिकटते. प्रोग्रॅम आहे, फक्त प्लॅस्टिकमध्ये कोरलेला. मी रोज जे लिहितो ते इथे बोटाने चाचपता येतं.

मशीन मिळतं कुठे? बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट निघालं की जिन्याखाली, नाहीतर भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने. घाई करावी लागते, कारण मोटरमधल्या तांब्यासाठी ती आधी फोडली जाते. बघायचं काय? पत्र्याचा तळ गंजून गेलाय का, ड्रायरचा टब हाताने सरळ फिरतो का, गिअरबॉक्स आवाज करतो का. पट्टा, कपॅसिटर, ड्रायरखालचं रबरी बेलो, ब्रेकची वायर हे सगळं बदलता येतं. फुटलेला टब किंवा त्या मॉडेलचं झाकण मात्र दुसऱ्या मेलेल्या मशीनमधूनच काढावं लागतं.

म्हणूनच वेळ कमी आहे. २०१८ साली व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कंपनी थांबली की सुटे भाग हळूहळू संपतात, आणि ते मशीन आवाजावरून ओळखणारा मेकॅनिकही म्हातारा होतो. २०२२ साली केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, वस्तू दुरुस्त करता यायला हव्यात म्हणून. गंमत बघा, या जुन्या मशिनांनी तो हक्क तेव्हाच देऊन ठेवला होता. स्क्रू ड्रायव्हर आणि पाना असला की मागचं झाकण उघडतं.

पण जुनं म्हणून मी उगाच हळवा होणार नाही. 'सेमी' या शब्दात एक हिशोब लपलाय. बादली कोण भरत होतं? ओले कपडे एका टबातून दुसऱ्यात कोण टाकत होतं? देशाच्या २०१९च्या टाइम यूज सर्व्हेत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७. मशीनने घासणं आणि पिळणं उचललं, उरलेलं 'सेमी' बाईकडेच राहिलं. माझ्या बाल्कनीतल्या मशीनच्या झाकणावर, जिथे रोज हात टेकायचा तिथला रंग उडालाय. तो भाग मी रंगवत नाही. तेवढा तसाच ठेवलाय.

तर या आठवड्याचं काम. घरातलं किंवा मामाकडचं जुनं मशीन भंगारात द्यायच्या आधी मागच्या पत्र्यावरच्या पट्टीचा फोटो काढा. मॉडेल, नंबर, वर्ष, सगळं. मग ज्या बाईने ते वापरलं तिला विचारा, कधी घेतलं, कुणी पैसे भरले, आधी कसं धुवायचीस. फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवा. मशीन गेलं तरी ती गोष्ट तुमच्याकडे राहील.

आणि फोनवर हा भाग ऐकता ऐकता ड्रायरचा टायमर लावला असेल, तर तो केव्हाच वाजून गेला असेल. उठा, कपडे तुम्हीच काढा. भेटू पुढच्या भागात.