सोलापूरचे दोन शाहीर

गाणाऱ्याचें नांव टिकावें आणि गाणें मात्र हरवावें, असा प्रकार महाराष्ट्रांत अनेकवार घडला आहे. सोलापूरचे राम जोशी हें त्याचें ठळक उदाहरण. त्यांचें नांव शाळेच्या पुस्तकांतून सर्वांस ठाऊक असतें. त्यांची एखादी लावणी अथपासून इतिपर्यंत ऐकलेला गृहस्थ मात्र शोधावाच लागतो.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत सोलापुरांतील एका विद्वान् ब्राह्मण घराण्यांत राम जोशी यांचा जन्म झाला. वडील बंधु मुद्गल जोशी हे नांवाजलेले पुराणिक. धाकट्यानें त्यांच्या मागें पोथी घेऊन बसावें, अशी घरची सहज अपेक्षा. परंतु परंपरेनें चालत आलेली हकीकत अशी कीं, धोंडी शाहीर नांवाच्या तमासगिराच्या फडाचा नाद या मुलास लागला. पोथीपेक्षां डफ आणि तुणतुणें गोड वाटूं लागलीं. त्या काळीं हा अपराध लहान नव्हता. मुद्गल जोशी यांनीं भावास घराबाहेर काढलें आणि हा तरुण पंढरपुरास जाऊन राहिला. तेथें त्यानें संस्कृत काव्याचा कसून अभ्यास केला. येथवर कथा एखाद्या सन्मार्गास लागलेल्या मुलाची वाटते. पण अभ्यास पुरा होतांच त्यानें स्वतःचाच फड उभा केला! भावाचा संताप समजण्यासारखा आहे. परंतु पंढरपूरचें तें शिक्षण वायां गेलें, असें त्या लावण्या वाचणारा कोणीहि म्हणणार नाहीं.

कारण राम जोशी यांच्या लावणीचें सारें वैशिष्ट्य या दुहेरी शिक्षणांत आहे. त्यांच्या समकालीन शाहिरांत होनाजी गवळी, परशराम शिंपी आणि सगनभाऊ मुसलमान. त्यांची भाषा बाजाराची, अंगणाची, रोजच्या बोलण्याची. राम जोशी यांनीं त्याच ढोलकीच्या ठेक्यावर संस्कृत समास, अनुप्रास आणि यमकांच्या लडी नाचविल्या. संबंध संस्कृतांत लावणी रचण्याचें धाडसहि त्यांचेंच. छेकापन्हुति या अलंकारावरील त्यांची रचना रसिकांत विशेष गाजली: एक स्त्री सखीजवळ वर्णन करीत जाते, ऐकणाऱ्यास वाटतें कीं तें प्रियकराचेंच, सखीनें तसें विचारतांच ती चट्‌दिशीं भलत्याच वस्तूचें नांव घेऊन मोकळी होते. विद्वानास अलंकार सांपडतो आणि बाकीच्या मंडळीस गंमत. तसेंच, त्यांच्या सगळ्या लावण्या शृंगाराच्याच आहेत, ही समजूत सोडली पाहिजे. पौराणिक आख्यानें, क्षेत्रवर्णनें, आणि ढोंगी साधुत्वावर कडक कोरडे ओढणारीं वैराग्यपर कवनें त्यांत आहेत.

मराठी, कानडी, हिंदुस्थानी अशा निरनिराळ्या भाषा एकाच लावणींत गुंफण्याची हौसहि त्यांनीं केली. पुण्याच्या वाचकास हा केवळ बुद्धीचा खेळ वाटेल. सोलापूरकरास त्यांत नवल कसलें? ज्या गांवीं बाराव्या शतकांत सिद्धरामांनीं कानडी वचनें रचलीं आणि जेथें पेठ ओलांडली कीं भाषा बदलते, तेथील शाहिरानें आपल्या बाजारासारखी लावणी केली, इतकेंच.

बारामतीच्या मोरोपंतांशीं त्यांचा स्नेह जडला, ही गोष्ट मराठी काव्याच्या इतिहासांत महत्त्वाची आहे. पंतांच्या आर्या कठीण; त्या पोथींतच राहण्याचा संभव होता. राम जोशी यांनीं त्या कीर्तनांत गाऊन लोकांच्या कानांवर घातल्या. पंतांच्या उपदेशानेंच ते तमाशा टाकून कीर्तनाकडे वळले, असें सांगतात. संगमनेरच्या अनंत फंदींविषयींहि अहिल्याबाई होळकरांच्या संदर्भांत अशीच कथा आहे. दोन्ही कथांचा सांचा इतका सारखा कीं, शाहिराचा उद्धार झाल्यावांचून सुशिक्षितांस त्यास जवळ करतां येत नव्हतें कीं काय, अशी शंका येते. राम जोशी यांस खरा पश्चात्ताप झाला कीं नाहीं, हें त्यांच्या कवनांवरून ठरविणें कठीण आहे. कारण वैराग्याचें कवन आणि शृंगाराची लावणी, दोन्ही सारख्याच हौसेनें रचलेल्या दिसतात.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली. तो प्रसंग पाहण्यास ते राहिले नव्हते. पुढें आश्रय सुटला, फड मोडले, लावण्या गाणाऱ्यांच्या जुन्या बाडांत पडून राहिल्या. शंकर तुकाराम शाळिग्राम यांनीं १८९१ सालीं अॅकवर्थ या इंग्रज अधिकाऱ्यासह पोवाड्यांचा प्रसिद्ध संग्रह छापला. राम जोशी यांच्या लावण्या जमवून छापण्याचें श्रेयहि शाळिग्रामांचेंच. शब्द वांचले. चाली कागदावर कोण उतरविणार?

मग १९४७ सालीं राजकमलचा ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट आला. जयराम शिलेदार नायक, हंसा वाडकर नायिका, लेखणी ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाई यांचें. घरोघर राम जोशी यांचें नांव पुन्हां गेलें आणि सभ्य घरांतूनहि लावणी गुणगुणली जाऊं लागली. उपकार मोठा खरा. परंतु लोकांच्या ओठीं बसलें तें वसंत देसाई यांचें संगीत. तें उत्तम आहे. मात्र त्यास राम जोशी यांची चाल समजणें ही चूक होय. अमेरिकेंत रॉबर्ट जॉन्सन नांवाच्या नीग्रो गवयाचीं एकोणतीस गाणीं १९३६ व १९३७ सालीं मुद्रित झालीं. १९३८ सालीं तो वारला व विस्मृतींत गेला. १९६१ सालीं त्यांतील कांहीं गाणीं तबकडीवर पुन्हां निघालीं, आणि इंग्लंडांतील गिटार वाजविणाऱ्या तरुणांनीं त्यांतून रॉक संगीताची उभारणी केली. त्यांना खुद्द जॉन्सनचा गळा ऐकावयास मिळाला. सोलापूरच्या शाहिराच्या वांट्यास तें भाग्य आलें नाहीं.

याच जिल्ह्यांत बार्शीस १९१६ सालीं मेहबूब हुसेन पटेल या मुलाचा जन्म झाला. महाराष्ट्र त्यास अमर शेख म्हणून ओळखतो. मोटारीवर क्लीनर, मग गिरणींत कामगार, मग संपांतला पुढारी आणि तुरुंग, अशी त्याची पाठशाळा. १९४४ सालीं अण्णाभाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनीं लाल बावटा कलापथक काढलें. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत त्यांच्या पहाडी आवाजानें मैदानें भरत. राम जोशी यांस घरानें बाहेर काढलें. अमर शेखांस बाहेर काढण्यास घराचा उंबरठाच फारसा नव्हता. पण दरबाराचा किंवा धनिकाचा आधार न घेतां केवळ श्रोत्यांच्या बळावर गाणें, हें त्यांनीं राम जोशींहूनहि अधिक पाळलें. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे काव्यसंग्रह ग्रंथालयांत मिळतात. १९६९ च्या ऑगस्टांत ते अपघातांत गेले.

‘प्रपंच’ या १९६१ च्या चित्रपटांत त्यांनीं कुंभाराची भूमिका केली आहे. ज्या गळ्यापुढें ध्वनिक्षेपक फिका पडावा, तो शाहीर तेथें समोर दिसतो. आणि गाण्याची वेळ आली कीं ऐकूं येतो तो सुधीर फडके यांचा मृदु स्वर.