गाठींवर मोजलेला वेग

जहाजाच्या मागच्या टोकाला तिघे खलाशी उभे. एकाने दोर गुंडाळलेली फिरकी डोक्यावर धरलेली, दुसऱ्याच्या हातात वाळूचं घड्याळ आणि तिसऱ्याकडे पाव वर्तुळाच्या आकाराची लाकडी फळी. फळीच्या गोल कडेला शिसं बसवलेलं, म्हणजे ती पाण्यात उभी राहते. फळी समुद्रात पडते आणि जवळजवळ जागच्या जागी थबकते. जहाज पुढे जातं, दोर भराभर सुटतो. दोराला बांधलेली चिंधी हातातून गेली की घड्याळ उलटं करायचं. वाळू संपताच हाक येते, दोर पकडला जातो आणि किती गाठी सुटल्या ते मोजलं जातं. सात गाठी सुटल्या, तर वेग सात नॉट.

इंग्रज लेखक विल्यम बोर्न याने अशा फळीने वेग मोजण्याची रीत १५७४ साली लिहून ठेवली होती. दोराला ठरावीक अंतरावर गाठी मारण्याची पद्धत पुढच्या शतकात रुळली. त्यामागचा हिशेब साधा होता. घड्याळ २८ सेकंदांचं आणि दोन गाठींमधलं अंतर ४७ फूट ३ इंच. तासाचे ३६०० सेकंद धरले, की घड्याळभरात एक गाठ सुटेल अशा वेगाने जहाज तासाला ६०७५ फूट कापतं. म्हणजे जवळपास एक सागरी मैल. गुणाकार, भागाकार सगळा दोरातच बांधलेला. अक्षरशत्रू खलाशालाही नुसत्या गाठी मोजता आल्या की पुरे.

पण सागरी मैल नेमका केवढा? पृथ्वीच्या एका अंशाचा साठावा भाग, ही व्याख्या सर्वांना मान्य होती. घोडं अडलं होतं ते अंश किती फुटांचा यावर. इंग्रज दर्यावर्दी मैल ५००० फुटांचा धरत आणि ३० सेकंदांच्या घड्याळासाठी ४२ फुटांवर गाठी मारत. गणितज्ञ रिचर्ड नॉरवुड याने लंडन आणि यॉर्क या दोन्ही ठिकाणी सूर्याची उंची मोजली आणि मधलं अंतर साखळीने व पावलांनी मोजत गाठलं. १६३७ साली छापलेल्या पुस्तकात त्याने एक अंश ३,६७,१९६ फुटांचा असल्याचं मांडलं. म्हणजे मैल सुमारे ६१२० फुटांचा. आजच्या आकड्याच्या तो थक्क करण्याइतका जवळ आहे.

तरीही अनेक खलाशांनी जुना आखूड दोर सोडला नाही. आखूड दोरामुळे जहाज आहे त्यापेक्षा पुढे आल्यासारखं वाटे, आणि खडकांजवळ पोहोचण्याआधीच सगळे सावध होत.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचांनी मीटर ठरवला, तोही याच पृथ्वीवरून. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर. त्या हिशेबाने हे अंतर १०,००० किलोमीटर होतं. त्याच अंतरात ९० अंश, म्हणजे ५४०० सागरी मैल मावतात. १०,००० ला ५४०० ने भागलं की १.८५२ येतात. नॉटचं ताशी किलोमीटरमध्ये रूपांतर करताना आजही आपण याच आकड्याने गुणतो.

काटकोनाचे ९० ऐवजी १०० भाग करावेत आणि प्रत्येक भागाची १०० मिनिटं, असाही फ्रेंचांचा बेत होता. तो रुजला असता तर एक मिनिट म्हणजे बरोबर एक किलोमीटर झालं असतं आणि नॉटची गरजच उरली नसती. पण जगाचे नकाशे ३६० अंशांचेच राहिले. नकाशावर अक्षांशाचं एक मिनिट कंपासात धरलं की एक सागरी मैल मोजला जातो. ही सोय सोडायला कोणी तयार नव्हतं. म्हणून नॉट टिकला. १९२९ साली मोनॅकोतल्या परिषदेत सागरी मैल १८५२ मीटरचा ठरला. अमेरिकेने तो १९५४ मध्ये स्वीकारला, ब्रिटनने ६०८० फुटांचा आपला मैल १९७० मध्ये सोडला.

जहाजांमागोमाग विमानांनीही नॉट घेतला, आणि वाऱ्याचा वेगही त्यातच मोजला जाऊ लागला. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत ४८ ते ६३ नॉट वाऱ्याचं वादळ ‘तीव्र चक्रीवादळ’ ठरतं. १.८५२ ने गुणलं की ताशी ८९ ते ११७ किलोमीटर. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेलं ‘निसर्ग’ याच वर्गातलं होतं. १२० नॉटपासून पुढे, म्हणजे ताशी २२२ किलोमीटरपासून, ‘सुपर सायक्लोन’ सुरू होतं.

किनाऱ्यावर राहणाऱ्याने एवढं रूपांतर तोंडी करता यायला हवं. नॉटचा आकडा दुप्पट करावा आणि त्यातून दहावा हिस्सा वजा करावा: ५० नॉटचे १००, त्यातले १० गेले, राहिले ९०. खरं उत्तर ९२.६ आहे. वारा अंदाजापेक्षा थोडा जास्तच असणार, हे धरून होडी वर ओढावी.