पुण्याचे वृक्ष आणि छाटणीची मर्यादा

पावसाळा जवळ आला कीं पुण्याच्या रस्त्यांवरील वड-पिंपळांची छाटणी होते, हें श्रोत्यांस ठाऊकच आहे. परंतु झाडावर शस्त्र चालविण्यास मर्यादा असावी, हा विचार मराठी मुलखांत जुना आहे. इ. स. १७१६ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनीं आज्ञापत्रांत, आरमाराच्या लांकडासंबंधीं लिहितांना, बजाविलें कीं, आंबा-फणसाचीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. अगदीं जीर्ण झाड असेल तरच धन्यास राजी करून, मोल देऊन तोडावें.

१९७५ सालच्या महाराष्ट्राच्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यानें हा विचार पुढें नेला. झाडास कोणत्याही प्रकारें इजा करणें हेंही ‘तोडणें’च ठरलें. म्हणून फांदी छपरावर वा तारांवर आली, तरी पुण्यांत ती छाटण्यास महानगरपालिकेची परवानगी लागते.

तथापि परवानगीनें छाटणाराचा हात शहाणा होत नाहीं. फांदी खोडास मिळते तेथें फुगीर वलय असतें. तें राखून कापल्यास नवी साल जखमेवर हळूहळू चढते. वलयच कापल्यास कूज खोडांत शिरते. अमेरिकन वृक्षशास्त्रज्ञ अॅलेक्स शायगो यांनीं १९७७ सालीं, झाड कुजका भाग आंतल्या आंत कसें कोंडून ठेवतें, तें विशद केलें. तारांसाठीं एकाच अंगाच्या फांद्या उतरविल्या, तर शोभा जाते, तोलहि जातो, आणि वादळांत तेंच झाड वाटसरूच्या जिवावर उठतें.

अमात्यांनीं धन्याची संमति मागितली, कायद्यानें सरकारी परवानगी. छाटणाराचें ज्ञान ही तिसरी अटहि तितकीच आवश्यक आहे.