चौदा कॅरेटचे दिवस

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

धनत्रयोदशी किंवा अक्षय्य तृतीया जवळ आली, की ओळखीतले कोणी ना कोणी मला हमखास विचारते, "काय हो, घरात किती सोने ठेवलेले चालते? उद्या सरकार घेऊन तर जाणार नाही ना?" २०१६ च्या नोव्हेंबरात नोटा रद्द झाल्या, तेव्हा तर या प्रश्नाने कहर केला होता. शेवटी अर्थखात्याला खुलासा करावा लागला. झडतीच्या वेळी विवाहित स्त्रीचे ५००, अविवाहित मुलीचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने उचलायचे नाहीत, ही सूचना १९९४ पासूनच लागू होती. आणि उत्पन्नाचा हिशेब देता येत असेल, तर त्याहून जास्त सोने बाळगायलाही हरकत नव्हती. पुढे हॉलमार्कबरोबर दागिन्यावर सहा अक्षरांचा क्रमांक आला आणि कुजबुज पुन्हा सुरू झाली. नंबर आला म्हणजे नोंद झाली, नोंद झाली म्हणजे एक दिवस दारात माणूस उभा राहणार!

हा क्रमांक शुद्धतेच्या खात्रीसाठी आहे, हे मी सांगतो. पण विचारणाऱ्याला मी हसत नाही. कारण सोन्याची नोंद, मर्यादा आणि जप्ती हे सारे आपल्या देशात एकदा घडून गेले आहे. ते सत्तावीस वर्षे चालले. साठीच्या पुढच्यांना त्याचे नाव अजून आठवत असेल : सुवर्णनियंत्रण.

१९६२ चे चीनचे आक्रमण आठवा. राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी बायका सभेत उभ्या राहून हातातल्या बांगड्या उतरवून देत होत्या. दुसरीकडे सरकारची परकीय चलनाची तिजोरी तळाला गेलेली. सोन्याच्या आयातीवर स्वातंत्र्याच्या आसपासपासूनच बंदी होती, पण सोन्याची हौस काही कमी झालेली नव्हती. त्यामुळे ते चोरट्या वाटेने येई आणि त्याच्या बदल्यात देशाचे धन बाहेर जाई. सरकारने सोन्याचा वायदेबाजार बंद केला आणि नोव्हेंबरात साडेसहा टक्के व्याजाचे, पंधरा वर्षे मुदतीचे सुवर्णरोखे काढले. सोने द्या, रोखा घ्या. मात्र या सोन्याची किंमत धरली होती दहा ग्रॅमला ५३ रुपये ५८ पैसे. हा आंतरराष्ट्रीय भाव. मुंबईच्या झवेरी बाजारात त्या वेळी भाव याच्या दुपटीच्या आसपास होता. आता सांगा, कोण देणार?

मग ९ जानेवारी १९६३ रोजी अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी भारत संरक्षण नियमांखाली सुवर्णनियंत्रण जाहीर केले. मोरारजींचे आणि मराठी माणसाचे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीपासून सूत नव्हतेच; त्यात ही भर पडली. नियमांचे दोन भाग होते. लगडी, बिस्किटे, नाणी अशा, दागिना नसलेल्या सोन्याची नोंद सरकारकडे करायची. प्रौढ माणसाला पन्नास ग्रॅमपर्यंत आणि अज्ञान मुलाला वीस ग्रॅमपर्यंत सूट. दुसरा भाग अधिक जहाल होता : यापुढे चौदा कॅरेटहून शुद्ध सोन्याचा नवा दागिना घडवायचा नाही.

चौदा कॅरेट म्हणजे चोवीस भागांत चौदा भाग सोने, बाकीचे दहा भाग तांबे-रुपे. बावीस कॅरेटमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक सोने असते, चौदामध्ये साठ टक्केसुद्धा नाही. सरकारचा हिशेब असा, की फिक्या, कडक सोन्यावरून लोकांचे मन उडेल, मागणी घटेल, तस्करी आपोआप आटेल. कागदावर हे तर्कशुद्ध दिसते. मोरारजींच्या हेतूबद्दल माझ्या मनात शंका नाही. आपल्याला पटले ते देशाला पटलेच पाहिजे, अशी त्यांची वृत्ती होती, एवढेच.

इथे अमेरिकेचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. तिथे ५ एप्रिल १९३३ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी फर्मान काढले, की नागरिकांनी आपली सोन्याची नाणी आणि लगडी १ मेपर्यंत बँकेत जमा कराव्यात. माणशी शंभर डॉलरची नाणी ठेवायची मुभा होती. दंड दहा हजार डॉलर, शिवाय दहा वर्षांपर्यंत कैद. मोबदला औंसाला २०.६७ डॉलर मिळाला, आणि पुढच्याच जानेवारीत सरकारने सोन्याचा भाव ३५ डॉलर ठरवला! लोकांकडून घेऊन झाल्यावर भाव वाढवला, असेच म्हणायचे. तिथल्या नागरिकाला सोने बाळगायची मोकळीक पुन्हा मिळाली ती १९७४ च्या अखेरीस. तरीही तो हुकूम बऱ्यापैकी अमलात आला, कारण तिथले सोने मुख्यतः नाण्यांच्या रूपात आणि बँकांच्या हाताशी होते.

आपले सोने कुठे होते? गळ्यात, मनगटात, देवाच्या मुकुटात आणि धान्याच्या कणगीत. त्याला हात लावायची कोणाची छाती होती? मंगळसूत्राची जप्ती करणारे सरकार दुसऱ्या दिवशी टिकले नसते. म्हणून कायद्याने घरातले दागिने टाळले आणि दागिना घडवणारा हात धरला.

मी तेव्हा शाळकरी होतो. आत्याचे लग्न ठरले होते आणि आजीचे गोठ मोडून पाटल्या करायच्या होत्या. आईबरोबर मीही सोनार आळीत गेलो. एरवी त्या आळीत शिरले, की ठकठक ऐकू यायची, बागेसरीतल्या निखाऱ्यांचा वास यायचा. त्या दिवशी ऐरण गप्प होती. सोनारकाकांनी गोठ हातात घेतले, कसोटीवर ओढून पाहिले आणि परत दिले. म्हणाले, "वहिनी, हे मोडू नका. मोडलेत तर परत चौदाचेच होईल. आणि चौदाचे तुम्हाला पितळेसारखे दिसेल." आत्या गोठ घालूनच बोहल्यावर चढली. आमचे काही अडले नाही. अडले ते काकांचे. गावातला सोनार हा काही सराफ नव्हे. त्याच्याकडे पेढी नाही, तिजोरी नाही. गिऱ्हाईक सोने आणून देणार, तो घडवणार आणि मजुरी घेणार. फुंकणी, मूस, सांडशी, हातोडी आणि डोळ्यांतली नजर, एवढेच त्याचे भांडवल. ते सारे बावीस कॅरेटच्या मऊ सोन्यावर बेतलेले. चौदा कॅरेटचे सोने त्याच्या हातोडीला दाद देईना, आणि गिऱ्हाईक ते मागेनात.

देशभर लाखो कारागिरांची हीच गत झाली. सोनारांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या, संसदेत त्यावर वादळी चर्चा झाल्या. सरकारने कर्जे देऊ केली, नोकरीसाठी वयाची अट शिथिल केली, मुलांना फीमध्ये सवलत दिली. पण चाळिशीच्या माणसाने, ज्याने वयाच्या दहाव्या वर्षापासून फुंकणी धरली, त्याने कुठल्या कचेरीत कसला अर्ज करायचा? ज्याच्यापाशी साठवलेले सोने होते त्याला झळ लागली नाही. ज्याच्यापाशी गुंजभरही नव्हते त्याची चूल विझली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

१९६३ च्या ऑगस्टमध्ये कामराज योजनेखाली मोरारजी मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि टी. टी. कृष्णम्माचारी अर्थमंत्री झाले. लगोलग सप्टेंबरात गिऱ्हाइकाचा जुना दागिना मोडून तेवढ्याच शुद्धतेचा नवा करून देण्याची मुभा स्वतंत्र कारागिरांना मिळाली. १९६५ च्या युद्धानंतर सरकारने पुन्हा सुवर्णरोखे काढले, पण या वेळी शहाणपण आले होते : सोने घेतले तर १९८० साली सोनेच परत देऊ, वर दहा ग्रॅममागे वर्षाला दोन रुपये व्याज; आणि सोने आले कुठून, हे विचारणार नाही. चौदा कॅरेटची अट १९६६ मध्ये सोनारांच्या आंदोलनानंतर मागे घेतली गेली.

नियंत्रण मात्र गेले नाही. मोरारजी पुन्हा अर्थमंत्री झाले आणि १९६८ मध्ये सुवर्णनियंत्रणाचा स्वतंत्र कायदाच आला. त्यातल्या व्याख्या वाचण्यासारख्या आहेत. दागिना म्हणजे पूर्ण झालेला अलंकार. तो तुटला तरी त्याचे तुकडे दागिनाच. पण तोच वितळवून गोळा केला, तार ओढली किंवा पत्रा ठोकला, की ते झाले 'प्राथमिक सोने', आणि ते घरी बाळगणे सर्वसामान्य माणसाला मना. म्हणजे आईची बांगडी पेटीत असेपर्यंत सरळ, आणि मुशीत जाऊन आली की गुन्ह्याचा माल! दागिन्यांचीही मर्यादा ठरली : एका व्यक्तीकडे दोन किलोंच्या वर किंवा कुटुंबाकडे चार किलोंच्या वर असेल, तर नोंद करायची. सराफाला परवाना, कारागिराला दाखला, प्रत्येक गुंजेची वहीत नोंद, आणि नियम मोडला तर सोने जप्त. अर्धवट घडलेला माल हीच ज्याची रोजची मीठभाकरी, तो कारागीर त्यामुळे कायम संशयाच्या छायेत राहिला.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६९ च्या निकालात न्यायालयाने कायदा करण्याचा संसदेचा अधिकार मान्य केला, पण अनेक कलमे रद्द केली. सोने विकायला आलेल्या माणसाची ओळख पटवून घेण्याची जबाबदारी दुकानदारावर टाकणारे कलम त्यांपैकीच एक. परवाना देण्याच्या कसोट्याही फार मोघम असल्याचे न्यायालयाने म्हटले.

आणि ज्या तस्करीसाठी हा सारा खटाटोप, तिचे काय झाले? दुबईत सोने कायदेशीर उतरे, तिथून गलबतांतून रात्री आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागे. दहा तोळ्यांची बिस्किटे, एकेक ११६ ग्रॅमहून थोडे अधिक. ती खिसेच खिसे शिवलेल्या जाड कापडाच्या जाकिटांत भरलेली असत. सत्तरच्या दशकात हाजी मस्तानसारखी नावे घरोघरी पोचली ती याच धंद्यातून. वही तपासली जायची ती आळीतल्या सोनाराची.

हा कायदा रद्द करण्याचे श्रेय मात्र एका मराठी अर्थमंत्र्याचे. राजापूरचे खासदार आणि एके काळचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक मधू दंडवते यांनी मार्च १९९० च्या अर्थसंकल्पात तशी घोषणा केली. कायद्याने उद्दिष्ट साधले नाही, कारागिराला जाच मात्र झाला, असे सरकारनेच मान्य केले. त्या जूनमध्ये कायदा रद्द झाला.

पुढच्याच वर्षी देशाची गंगाजळी आटली. १९९१ च्या मे महिन्यात सरकारने वीस टन सोने स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडला पाठवून डॉलर उभे केले. हे सोने तस्करांकडून जप्त झालेले होते. रिझर्व्ह बँकेचे स्वतःचे सुमारे ४७ टन सोने त्यानंतर, जुलैत, परदेशात तारण गेले. १९९२ मध्ये परदेशातून येणाऱ्या भारतीयाला पाच किलोपर्यंत सोने जकात भरून आणण्याची परवानगी मिळाली. सहार विमानतळावर मग माणसे तीच दहा तोळ्यांची बिस्किटे जकात अधिकाऱ्यापुढे ठेवून रांगेत उभी राहू लागली आणि पावती घेऊन घरी जाऊ लागली.