फरारबाई आणि आपले ‘मिशन’

३ जानेवारीला कर्जत-खालापुरात आपण सावित्रीमाईंना अभिवादन करतो. पण माईंना शिकवायला शिकवणाऱ्या सिंथिया फरार किती जणांना ठाऊक आहेत?

अमेरिकन मिशनच्या या अविवाहित शिक्षिका १८२७ मध्ये, ३२व्या वर्षी मुंबईत उतरल्या. परक्या मुलखात रोजचे काम एकच : मुलींच्या शाळा चालवणे. पुढे त्या नगरला गेल्या. तिथली त्यांची शाळा जोतीरावांनी पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीमाईंनी फरारबाईंच्याच संस्थेत अध्यापनाचे धडे घेतले. १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध मिशनऱ्यांच्या ‘ज्ञानोदय’ने छापला.

मिशनऱ्यांना धर्मप्रसार करायचा होता, हे खरेच. पण ज्यांच्या धर्माने आपल्याला पाटीच नाकारली, त्यांनी हा आक्षेप घेऊ नये.

फरारबाई १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. शेवटपर्यंत शाळा सुटली नाही.

‘मिशन’ हा शब्द आपणही वापरतो. दिवाळीनंतर आपल्या तालुक्यांतली कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि मुलींची शाळा सुटते. त्या भट्टीवर पाटी घेऊन रोज कोण जाणार? जयंती एक दिवसाची असते, मिशन रोजचे!

जय भीम! जय सावित्री!