गुदमरलेल्या पेशींची गोष्ट

गेल्या महिन्यात काकांना मलाशयाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनआधी रेडिएशन. "मला कितपत लागू पडेल रे?" त्यांचा प्रश्न. कोड लिहिणारा पुतण्या काय सांगणार! शनिवारी वाचायला बसलो.

गोष्ट १९५५ची, इंग्लंडमधली. थॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुप्फुसाच्या कॅन्सरचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. रक्तवाहिन्यांपासून साधारण ०.१५ मिमीच्या पलीकडे पेशी मेलेल्या, कारण ऑक्सिजन तिथवर पोचतच नाही. खरी मेख मधल्या अर्धवट गुदमरलेल्या पेशींची. त्यांना मारायला जवळजवळ तिप्पट रेडिएशन लागतं!

पुढे १९९०च्या दशकात सेमेन्झा यांनी एचआयएफ-१ हे प्रथिन शोधलं. ऑक्सिजन घटला की पेशीला तगवणारे जीन्स ते चालू करतं. २०१९च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. मग मलाशयाच्या गाठींतही हे प्रथिन मोजलं गेलं. अनेक अभ्यासांत ते जास्त असलेल्या पेशंटचं पुढचं चित्र वाईट दिसलं, काहींत फरकच नाही. म्हणून उपचार आजही प्रामुख्याने एमआरआय आणि स्टेज बघूनच ठरतात.

काकांना म्हटलं, "काका, कुठल्या एका मार्करवर तुमचं भविष्य लिहिलेलं नाही." ते नुसतं "हं" म्हणाले.

असो. सोमवारी पहिलं सिटिंग. मी रजा टाकली आहे.